वनीची सुपारी आणि पडद्याची मागली बाजू

मुक्काम येडशी,
चैत्र वद्य, १९६३

तीर्थस्वरूप सौ. कडूअक्का, तुझ्या पायांवर धाकट्या दगडोबाचं डोकं, आणि ज्यांच्या तोंडून हे पत्र तुझ्या कानांवर पडणार आहे त्या आमच्या दाजींना, म्हणजे श्रीमान नारायणरावांना, लवून रामराम. देवीच्या कृपेनं आम्ही इकडं बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं निरगुडीचं तेल लावतेस, का कोनाड्यात ठेवून त्याला नुसता नमस्कार करतेस? दाजींचा खोकला थांबला का? (दाजी, तंबाखू सुटल्याशिवाय तो थांबायचा नाही. हे मोठ्यानं वाचा. संक्रांतीच्या पत्रात मी तुमच्या चिकटपणाविषयी चांगल्या दहा-बारा ओळी घातल्या होत्या. पुढं अक्का भेटली तेव्हा तिनं त्यावर चकार शब्द काढला नाही, त्यावरून काय ते मी समजलो.) तुमची खिलारी जोडी धडधाकट आहे ना? अशी देखणी जनावरं अख्ख्या लोहाऱ्याच्या बाजारात दुसरी नाहीत, असं मी इथं येईल त्याला सांगत असतो. दाजींची पारखच तशी.

अक्षर माझं नाही हे दाजींच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या उजव्या अंगठ्याचा सध्या भोपळा झालेला आहे, का झाला ते पुढं येईल. मी सांगतोय आणि तुझी भाची वनमाला लिहितेय. शाई जागोजाग पुसलेली दिसेल, त्याला इलाज नाही. डावखुऱ्या माणसाचा हात लिहिलेल्या ओल्या ओळीवरूनच पुढं सरकत जातो. (वनी, हेही लिही. हसू नकोस, डाग पडतोय.) वनीच्या सोयरिकीचं काय झालं हे तू सगळ्यात आधी विचारणार, ते मला ठाऊक आहे. पण मी मास्तर माणूस. क्रमानं सांगितल्याशिवाय मला सांगताच येत नाही. शिवाय ही हकीकत बेंबळीला संपली असली तरी सुरू झाली ती अकरा वर्षांपूर्वी आपल्या येडशीत, आणि सुरू करणारी तूच.

तुला तो दिव्याच्या अवसेचा सिनेमा आठवतो ना? आठवतो काय, तू तो विसरशील कशी! महालिंगप्पाचा तंबू तेव्हा पहिल्यांदा येडशीला आला होता, स्टेशनामागच्या पडीक रानात. तू माहेरपणाला आली होतीस. रझाकारांचा धुमाकूळ संपून चार वर्षं होत आली होती, पण माणसांची सवय गेली नव्हती. दिवस मावळला की कवाडं लागायची, दिवे मालवायचे, आणि कुत्रं भुंकलं तरी आबा उठून बसायचे. अशा गावात तो महालिंगप्पा भोंगा घेऊन छकड्यातून फिरला आणि म्हणाला, अंधार पडल्यावर बायकापोरांसकट बाहेर या, हसवतो. पहिल्या दिवशी कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, चला, जे व्हायचं ते होईल. आणि आबा निघाले म्हटल्यावर सगळी आळी निघाली. दिवे मालवून बसणारी ती माणसं दिव्यांचाच सिनेमा बघायला गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

गोष्ट आपली आषाढातल्या कहाणीतलीच. आटपाट नगराच्या राजाची सून चोरून खाते आणि उंदरांवर आळ घेते. उंदीर सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकतात, सुनेला घराबाहेर काढतात, आणि शेवटी गावातले दिवे झाडावर बसून एकमेकांना खरं काय ते सांगतात. पण काय नटवली होती ती कहाणी! धोतर नेसलेले उंदीर टाळ घेऊन कीर्तन करायचे. सासरा राजा गाण्यातच हिशेब मागायचा आणि सून गाण्यातच थापा मारायची. समई आणि कंदील यांचं भांडण लागायचं. त्या उंदरांच्या कीर्तनाला आबा हसले, अक्का. डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसले, माझ्या खांद्यावर हात टाकून. त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला की मी आधी गाल सांभाळायचो, त्यामुळं त्या दिवशीही पहिल्यांदा दचकलोच. आबांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आता आबा नाहीत, पण उंदीर दिसला की मला त्यांची आठवण येते. (दाजी, यात हसण्यासारखं काही नाही.)

घोटाळा झाला तो बसण्याच्या जागेवरून. बायका पुरुषांच्यात बसायच्या नाहीत म्हणून महालिंगप्पानं तंबूच्या मधोमध पडदा म्हणून ओलं कापड ताणलं होतं. या बाजूला पुरुष, त्या बाजूला बायका. चित्र दोन्हीकडून दिसायचं, फक्त तुमच्याकडून उलटं, आरशात दिसतं तसं. अक्षरं उलटी दिसली, पण त्या काळी आपल्या बायकांना सुलटी काय आणि उलटी काय, सारखीच. त्यामुळं कुणाला संशय आला नाही. आमच्या बाजूला राजाची सून उजव्या हातानं दिवा लावत होती. तुमच्या बाजूला तीच सून तोच दिवा डाव्या हातानं लावत होती. घरी आल्यावर तू आबांना म्हणालीस, राजाची सून डावखुरी हाय. आबा म्हणाले, उजव्या हाताची. तू म्हणालीस, डाव्या. लहानपणी ज्यांनी तुझा डावा हात लुगड्याच्या काठानं कमरेला बांधून ठेवला, ज्यांच्यासमोर तू कधी मान वर केली नाहीस, त्या आबांना तू भर अंगणात उलटून बोललीस! मी नवीनच मास्तर झालो होतो, ज्ञान उतू चाललं होतं. मी आरसा आणला आणि तुम्हा सगळ्या बायकांना प्रकाशाचं शास्त्र समजावून सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "दगडू, आरसा घरात ठिव. आमी डोळ्यांनी बघितलंय."

आळीतल्या साऱ्या बायका तुझ्या बाजूच्या. तू तर म्हणालीस की शेजारी बसलेल्या कुठल्याशा गावच्या बाईनं, सुनेनं दिवा लावला तेव्हा, तुझा हात घट्ट धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. कोण, कुठली, तू नावही विचारलं नव्हतंस. आणि मग तू आत गेलीस. आमची वनी तेव्हा सात वर्षांची, जेवायला बसली होती, आणि तिच्या आईनं तिचा डावा हात रिबिनीनं पाटाला बांधला होता. तू ती रिबीन सोडलीस आणि चुलीत टाकलीस. राजाची सून डाव्या हातानं दिवा लावती आणि हिनं भाकर का खाऊ नये, एवढंच म्हणालीस. आबा ओट्यावर बसून होते. त्या दिवसापासून या घरात वनीचा हात कुणी बांधला नाही.

(इथं लिहिणारी थांबली आहे. शाई संपली म्हणते.)

पण अक्का, घर म्हणजे गाव नव्हे. वनी लग्नाची झाली आणि दाखवायचे कार्यक्रम सुरू झाले, तसा तिचा डावा हात पुन्हा आडवा यायला लागला. एका ठिकाणी तिनं सुपारीचं तबक डाव्या हातानं पुढं केलं, पाहुणे पाणी न पिता उठले. पुढच्या पाहुण्यांपुढं तिच्या आईनं डोळे वटारले म्हणून तिनं सरबत उजव्या हातानं दिलं, ते नवऱ्यामुलाच्या चुलत्याच्या मांडीवर सांडलं. चुलते फौजदारीत मुलाजिम, म्हणजे सरकारी नोकर होते, त्यांनी ते मनावर घेतलं. तिसऱ्यांना मीच शहाणपणा करून आधी कळवलं, तर ते आलेच नाहीत. पाहुणे येणार म्हटलं की वनी डावा हात पदराखाली घ्यायला लागली. ते मला बघवत नव्हतं. घरच्या घरात, पाहुणे नसतानाही ती तसं करायला लागली तेव्हा मी मागच्या दाराला जाऊन उभा राहिलो.

अशात माघाच्या शेवटी बेंबळीचे हिंमतराव आले, मंडळी घेऊन. मोठं खटलं, विहीर बागायत, माणूस मानी. सोबत त्यांच्या कारभारीण तुळजाबाई आणि मुलगा बलभीम. वनीनं सवयीनं पानाचं तबक डाव्या हातानं पुढं केलं. तुळजाबाईंनी त्या हाताकडं पाहिलं, मग वनीकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "हीच. शिनेमातल्या सुनंवानी हाय. डाव्या हातानं दिवा लावला, तवाच राजाचं घर उजळलं." मग मला उलगडा झाला. बेंबळीकडच्या बायकाही त्या साली छकडी जुंपून आपल्या येडशीच्या तंबूला आल्या होत्या, आणि त्याही तुझ्याच बाजूला बसल्या होत्या! म्हणजे तुमच्या त्या उलट्या पडद्यानं दोन-चार गावांत डावखुऱ्या सुनेला लक्ष्मी करून ठेवलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

गंमत अशी की हिंमतराव बसले होते माझ्या बाजूला. त्यांनी उजवा हात पाहिला होता. अकरा वर्षं हा माणूस घरात खरं बोलत होता आणि अकरा वर्षं खोटा ठरत होता. ते फिस्कारलेच. त्यांच्या मनात जवळाबाजारकडच्या कुणा मालदाराची मुलगी होती. ते म्हणाले, "मास्तर, पोरीला नाव ठिवाया जागा न्हाय. पर आमच्या देवापुढं डाव्या हाताचा दिवा न्हाय चालायचा. त्यो तंबूवाला हुनाळ्यात बेंबळीला त्योच शिनेमा घिऊन येतोय. समद्या गावादेखत बघू. सून डावखुरी निघाली तर तितंच सुपारी फोडतो. उजवी निघाली तर रामराम." तुळजाबाई एवढंच म्हणाल्या, "बघू की." पण जाताना वनीनं डाव्या हातानं दिलेली बडीशेप बलभीमनं डाव्याच हातानं घेतली. (वनी, लिही. यात लाजण्यासारखं काय आहे? माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.)

आता सांग, अक्का. सून उजव्या हाताची, हे मला पक्कं ठाऊक. माझ्याच लेकीचं लग्न त्या सुनेच्या हातात. आणि जमेची बाजू एकच: बायका पडद्यामागं बसल्या तर सून डावखुरीच दिसणार. म्हणून आम्ही ठरल्या दिवशी उस्मानाबादेहून टमटम करून भर दुपारी बेंबळीला पोचलो. वनीला आणि तिच्या आईला मी हिंमतरावांच्या घरी सोडलं आणि तडक महालिंगप्पाला गाठलं. तो तंबू ठोकत होता. त्याची मर्जी राखावी म्हणून मी कोट काढून खुंटे ठोकायची लाकडी मोगरी हातात घेतली. पहिला खुंटा नीट बसला. दुसऱ्या खुंट्याच्या वेळी मी बोलता बोलता मोगरी हाणली आणि ती अंगठ्यावर बसली. भोपळ्याची हकीकत ती ही. तो अंगठा तोंडात धरून मी त्याला म्हणालो, महालिंगप्पा, बायकांची सोय पूर्वीसारखी पडद्यामागं करा, त्यांना संकोच वाटतो.

महालिंगप्पानं माझ्याकडं असं पाहिलं की मी कोट परत घातला. म्हणाला, "अय्यो मास्तर! गेल्या साली येडशीत दरखास्त कुणी दिल्ती? बाया काय जनावरं हायत काय, बैलांमंदी माघारी बसवायला? सुराज्य आलं, त्येन्ला बी म्होरं बसवा. तुमीच की!" खरंच की. गेल्या वर्षी प्रजासत्ताकदिनाला मी भाषण केलं होतं आणि त्याच भरात तंबूवाल्याला दरखास्तही दिली होती, वर गावच्या पंधरा जणांच्या सह्या घेऊन. त्यानं ती मनावर घेतली होती. तंबूच्या दारावर नवी पाटी रंगवली होती: 'स्त्रियांचा इंतजाम पडद्यासमोर.' मधोमध कनात लावून एकीकडं बायका आणि एकीकडं पुरुष, पण सगळे समोर. पडद्यामागं इंजिन आणि बैल. सुधारणा करायला जावं आणि ती आपल्याच मुलीच्या मुळावर यावी, हे मास्तरांच्याच नशिबी असतं.

मग मी म्हणालो, निदान फीत उलटी लावून दाखवा, म्हणजे समोरूनही उलटं दिसेल. तो म्हणाला, फितीच्या एका कडेला आवाज असतो, उलटी लावली तर गाणी मुकी होतील, आणि उंदरांचं कीर्तन मुकं झालं तर पब्लिक तंबू पेटवील. एवढं शास्त्र मला माहीत नव्हतं. मग मी देवीला नवस बोललो. आधी वावटळ सुटू दे म्हणालो, मग इंजिन बंद पडू दे म्हणालो. आणि तुला खोटं कशाला सांगू, नवस बोलता बोलताच मनात आलं की इंजिन बंद पडलंच तर ते कीर्तन पडल्यावर पडू दे. आबांच्या मागं पुन्हा एकदा ते बघायची मला फार इच्छा होती.

शेवटचा उपाय म्हणून मी तुळजाबाईंनाच गाठलं. भोळी, देवभोळी बाई. मी त्यांना समजावलं की समोर बसलं की पडद्याची झळ डोळ्यांना लागते, डॉक्टरलोकसुद्धा हेच सांगतात, आणि मागच्या बाजूला वारा छान येतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, बरं." पण दिवेलागणीनंतर तंबू भरला तेव्हा पाहतो तर कनातीपलीकडं सगळ्यांत पुढं, पडद्यासमोर तुळजाबाईच बसलेल्या. शेजारी वनी. इकडं हिंमतराव मिशीला पीळ देत गावच्या मानकऱ्यांमध्ये.

सिनेमा सुरू झाला. तीच आटपाट नगरी, तोच गाण्यात हिशेब मागणारा राजा. फीत जुनी झाली होती, मधेमधे पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसायच्या. उंदरांचं कीर्तन लागलं आणि सगळा तंबू हसला. मीही हसलो, अक्का, माझ्या लेकीचं भवितव्य पुढच्या रिळात गुंडाळलेलं असताना हसलो. हसता हसता माझा खांदा मला रिकामा वाटला. मग ती जागा आली. सुनेनं समई पुसली, वात ओढली आणि दिवा लावला. उजव्या हातानं. ढळढळीत उजव्या. हिंमतराव उभेच राहिले. "दिसला का? उजवा! हाय का न्हाय उजवा?" अकरा वर्षं दाबून ठेवलेला आवाज तो, तंबूच्या दोऱ्या हलल्या. सगळे पुरुष माझ्याकडं बघायला लागले. मी अंगठ्याकडं बघत होतो.

बायकांच्या बाजूला तेवढ्यात तुळजाबाई उठल्या. लुगडं झटकलं, पदर सारखा केला आणि सरळ पडद्यापुढून चालत निघाल्या. त्यांची सावली राजाच्या तोंडावरून गेली. मला वाटलं, संपलं, बाई रागावून घरी चालली. पण त्या घराकडं गेल्या नाहीत. पडद्याच्या कोपऱ्याला कापड सुटं होतं ते वर करून त्या मागं गेल्या, बैलांमध्ये, आणि खाली बसल्या. त्यांच्यामागोमाग वनी उठली. मग तिची आई. मग एकामागून एक सगळ्या बायका, पोरं काखेला मारून. राजाच्या तोंडावरून सावल्यांची रांगच लागली. थोड्या वेळानं कनातीपलीकडं एकही बाई उरली नाही. अंगठ्याचं दुखणं मी तेवढ्या वेळापुरतं विसरलो. आणि पडद्यामागून तुळजाबाईंचा आवाज आला, "मालक, हिकडं या. हितनं बघा."

हिंमतराव त्यांना परत आणायला म्हणून तणतणत गेले. पडद्याच्या मागं गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. महालिंगप्पाला वाटलं खून पडतो की काय, त्यानं मशीन थांबवायला हात घातला. तेवढ्यात पडद्यावर सून पुन्हा दिवा लावायला आली आणि मागून तुळजाबाईंनी विचारलं, "कोन्चा हाय?" हिंमतराव नुसते खाकरले. पुन्हा विचारलं, "समद्या गावादेखत म्हणला व्हता. कोन्चा हाय?" मग त्या मानी माणसाचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत, "हितनं... डावा दिसतोय." सगळा तंबू हसला, पण कुचेष्टेनं नाही. महालिंगप्पानं मध्यंतर जाहीर केलं, कंदील वर केला, आणि हिंमतरावांनी शब्द पाळला. इंजिनाच्या दगडावर सुपारी ठेवली आणि खुंट्याच्या त्याच मोगरीनं फोडली. मी लांबच उभा होतो. एकदा त्या मोगरीची ओळख झालेली पुरे.

म्हणजे अक्का, वनीचं जमलं! बेंबळीत मुहूर्त धरलाय, वैशाखात. माझी वाऱ्याची मात्रा अशी उशिरा का होईना लागू पडली. भोळी माणसं एकदम ऐकत नाहीत, पण ऐकलेलं त्यांच्या डोक्यात मुरत असतं, हा माझा शाळेतलाही अनुभव आहे. मध्यंतरानंतर मीही पडद्यामागं गेलो. कडब्याच्या पेंढीवर बसलो, शेजारी बैल रवंथ करत होता. दिवे झाडावर बसून गात होते, आणि शेवटी सून घरी आली तेव्हा तिनं सगळ्या घराचे दिवे लावले, एकेक करून, डाव्या हातानं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या बाजूनं सिनेमा पाहिला. तू आबांना का उलटून बोललीस ते मला तिथं कळलं आणि मला रडू आलं. बैलाशिवाय कुणी पाहिलं नाही.

दाजींना पुन्हा रामराम. मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना जप. वाचणाऱ्याचा घसा आणि ऐकणारीचा जीव शाबूत ठेवून हे पत्र इथं थांबवतो.

तुझा धाकटा,
दगडोबा

ता.क. : दाजी, लग्नासाठी तुमची खिलारी जोडी आणि छकडं आठ दिवस लागेल. वैरण तुमचीच पाठवा, इथल्या कडब्याची जनावरांना सवय नाही. जनावरांची वर केलेली स्तुती मनापासूनची आहे, तिचा याच्याशी संबंध जोडू नये.

आणखी एक ता.क. : अक्का, वनीला ओवाळायचा पहिला मान तुझा. पण मंडपात हिंमतरावांची झाडून सगळी भाऊबंदकी असणार, जवळाबाजारकडचेही येतील. तेव्हा एवढं माझं ऐक, तबक तेवढं उजव्या हातानं फिरव. मोठ्या मुश्किलीनं जमलंय, उगाच तकरार नको.

आत्या, दादा अंगठ्याला हळद बांधून घ्यायला आत गेलेत, म्हणून हे माझं मी लिहिते. मामा, एक शब्दही गाळू नका. दादांच्या वाऱ्यानं काही झालेलं नाही. दादा खुंटे ठोकत होते तेव्हा मी विहिरीवर सासूबाईंना सगळं सांगितलं होतं. म्हटलं, सून उजव्या हाताची आहे, मागून उलटं दिसत होतं, दादांना आधीपासून माहीत आहे, आणि मला खोट्यावर तुमच्या घरात यायचं नाही. त्या धुणं पिळत होत्या. म्हणाल्या, "येडे, मला काय ठावं न्हाय व्हय? आमची म्हस तळ्यावर पाणी पेती तवा पाण्यात तिचं शिंग कुठल्या बाजूला दिसतंय, ते रोज बघते मी." मग त्यांनी डावा तळहात उघडून दाखवला. त्यावर उलथन्याच्या चटक्याची खूण आहे. लग्नानंतर पहिल्याच दिवशी देवापुढं डाव्या हातानं दिवा लावला म्हणून त्यांच्या सासूनं दिलेला. म्हणाल्या, "पडद्यावर खोटा का हुईना, एका बाईनं डाव्या हातानं दिवा लावला आन् तिच्या घरानं तिला वंगाळ म्हणलं न्हाय. त्यो दिवा म्या कुणाला इझवू द्यायची न्हाय. समोरनं न्हाय दिसला तर म्या माघारी जाऊन बसंन." आणि मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरात आणखी कुणी डाव्या हाताचं आहे का? मी म्हटलं, माझी आत्या होती, आता ती सगळं उजव्यानं करते. तर त्या धुणं तसंच टाकून खाली बसल्या. म्हणाल्या, त्या वर्षी येडशीच्या तंबूत माझ्या शेजारी एक येडशीची माहेरवाशीण बसली होती, दिवा लागला तेव्हा मी तिचा हात धरला, तिनंही माझा धरला, डावा, आणि नाव विचारायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.

ती तूच ना, आत्या? मग दादांचं ऐकू नकोस. तबक डाव्या हातात घे. ओवाळताना त्या तुझ्या शेजारीच उभ्या राहणार आहेत.

तुझी वनी